उलटी कांडी: गिरणीच्या संग्रहालयातल्या एका भेटीचं प्रकरण

लालबागच्या आमच्या वाचनालयातर्फे मी नऊ वर्षं सहली काढते आहे. वस्तीतली म्हातारी माणसं आणि सातवी-आठवीची मुलं, दोघांची मिळून एक सहल. राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय झालं, आणिक आगारातलं बेस्टचं झालं. अशा सहलींचं टिपण मी एका पानात उरकते: किती जण आले, बस कुठे चुकली, वडापाव कुणी खाल्ला नाही. या एका सहलीचं टिपण मात्र एका पानात मावेना. जे लोक असल्या सहली काढतात त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळंच लिहिते आहे, माझ्या चुकांसकट.

जागेचं नाव लिहीत नाही. मध्य मुंबईतली बंद पडलेली एक कापड गिरणी आहे. आता तिथे काचेचे दोन टॉवर आहेत आणि त्यांच्या पायाशी जुन्या विणाईच्या शेडचा एक तुकडा राखून ठेवला आहे. त्या तुकड्यात गिरणीचं छोटं संग्रहालय केलंय. मुंबईत असे तुकडे थोडेच उरले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनंतर वाटणी राहिली ती फक्त रिकाम्या जमिनीची. ज्या जमिनीवर शेड, गोदाम उभं होतं ती हिशेबातूनच गेली. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर पालिकेनं वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतलं, त्याची चर्चा आम्ही कितीतरी वर्षं ऐकतो आहोत. तेव्हा शेडचा एवढासा तुकडा का होईना, बघायला मिळतो म्हटल्यावर मी लगेच फोन लावला.

आधी काय ठरवलं होतं

यादीत चार मोठी माणसं होती. तात्या, वय ८१, मूळचे राजापूरकडचे, एकोणीस वर्षं साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले. नाना, तेही साचेवालेच, पण दुसऱ्या गिरणीतले. इंदूमावशी वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यात होत्या. आणि भिकाजीकाका. त्यांच्या नावापुढे मी नुसतं ‘गिरणी कामगार’ असं लिहिलं होतं. हा कागद अजून माझ्याकडे आहे आणि तो बघितला की मला माझीच लाज वाटते. माझे वडील बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि जॉबरनं, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमानं, बोट दाखवलं तर आत जायचं. त्यांचा पितळी बिल्ला आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. म्हणजे हे जग मला घरबसल्या कळलं आहे अशी माझी समजूत होती.

मुलं नऊ होती. त्यांच्याबरोबर त्यांचे गणिताचे सर. ऑगस्टमधला शनिवार, पाऊस धरून होता.

मी चार शाली आणि चार गुलाब घेतले होते. संग्रहालयातल्या मंडळींनीही उत्साहानं होकार दिला होता. बेत असा: आधी त्यांचा मार्गदर्शक वीस मिनिटं दालन दाखवणार, मग आम्ही कामगारांचा सत्कार करणार, मग मुलांनी प्रश्न विचारायचे, शेवटी फोटो. कागदावर फार देखणा दिसत होता.

गेटवरच पहिला खोळंबा झाला. टॉवरच्या नियमानुसार प्रत्येक पाहुण्याच्या मोबाइलवर नंबर येतो, तो सांगितला की पास निघतो. तात्यांकडे मोबाइल नाही, इंदूमावशींचा नातवाकडे. पास निघेपर्यंत पाऊण तास गेला. मी काउंटरवर हुज्जत घालत असताना तात्या दिसेनासे झाले. शोधलं तर उजव्या अंगाला, जिथे आता भिंत आणि भिंतीवर हिरवा वेल आहे, तिथे छत्री घेऊन उभे. ‘गेट हितं होतं,’ म्हणाले. ‘भोंगा झाल्यावर पाच मिनिटं उघडं. मग टाइमकीपर बंद करायचा.’ १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याची घोषणा रीतसर अशी कधी झालीच नाही. म्हणून तात्या कुणी विचारलं की अजून सांगतात, रजेवर नाही हो, संपावर आहे.

दोरीच्या अलीकडे

आत गारठा होता. गिरणीच्या माणसाला आधी खटकली ती हीच गोष्ट. विणाईच्या खात्यात सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत. अंगातला बनियन पहिल्या तासात भिजायचा. इंदूमावशींनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि म्हणाल्या, ‘हितं सूत नाय, माणसंच तुटतील.’

छताबद्दल मुलांनी विचारलं. बाहेरून शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं दिसतं, आतून मात्र सपाट. थंड हवेच्या यंत्रणेसाठी खाली पांढरं खोटं छत मारलं आहे. ते दाते कशाला, हे सांगायला नाना पुढे झाले. दात्याची उभी बाजू काचेची, आणि ती काच उत्तरेकडे. मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा उत्तरेच्या काचेतून ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. सावली न पडणारा उजेड. सूत तुटलेलं दिसायला तोच लागतो. हे सगळं सांगताना नाना वर बघत होते आणि वर ट्यूबलाइट होत्या. मार्गदर्शकाच्या तोंडपाठ भाषणात या छताचा उल्लेख नव्हता.

दालनाच्या मध्यावर साचा. एकच, पण खरा. लोखंडी सांगाडा, वर दिव्याचा झोत, चारी बाजूंनी लाल दोरी. फलक तीन भाषांत. मराठी मजकुरात या यंत्राला ‘करघा’ म्हटलं होतं. हा शब्द हिंदीचा. गिरणगावात कुणी साच्याला करघा म्हटल्याचं मला आठवत नाही. साचा, साचेवाला, साचेखातं. एवढं विचारायला लालबागच्या कुठल्याही चाळीत गेलं असतं तरी चाललं असतं.

कुठूनतरी साच्यांचा आवाज येत होता. खडखड, खडखड, मागे हलकी बासरी. तात्यांनी मला विचारलं, ‘हा कसला आवाज?’ मी म्हटलं, साच्यांचा. ते हसले. ‘बाय, साच्याचा आवाज असता तर तू आता मला जे विचारलंस ते मला ऐकू आलं नसतं.’ अमेरिकेत लोवेल गावी बूट कॉटन मिल्सच्या जुन्या इमारतीत संग्रहालय आहे. तिथल्या विणाईच्या दालनात साचे खरोखर चालवून दाखवतात आणि पाहुण्यांना कानात घालायला बोळे देतात. आमच्याकडे बासरी.

मग जे झालं त्यासाठी मला त्या दिवसाचा सगळा मनस्ताप माफ आहे. तात्या दोरीच्या या टोकाला आणि नाना त्या टोकाला उभे होते. दोघांच्या मध्ये साचा, आठ-दहा पावलांचं अंतर. तात्यांनी ओठ हलवले. आवाज नाही. नानांनी मान डोलावली आणि ओठांनीच काहीतरी परत पाठवलं, दोन बोटं हवेत फिरवली. तात्या हसले. हे दोघे जन्मात एका गिरणीत कामाला नव्हते. मुलांची कुजबूज थांबली. एका मुलीनं मला हळूच विचारलं, हे मुके आहेत का? शेकडो साचे एकाच वेळी चालतात तिथे ओरडून उपयोग नसतो. साचेवाले ओठांवरून बोलणं वाचतात, आणि पंचेचाळीस वर्षांनीही ते विसरत नाहीत. तात्यांची सून माझ्याकडे नेहमी कुरकुरते की सासरे टीव्ही मोठा लावतात आणि बोलताना तोंडाकडे टक लावून बघतात. त्या दिवशी संध्याकाळी मी तिला फोन केला.

ते दोघे काय बोलले, हे मी नंतर विचारलं. तात्या नानांना म्हणाले होते, ‘कांडी उलटी आहे.’ नाना म्हणाले होते, ‘बघितलं. गप बस.’

तात्या गप बसले नाहीत.

कांडी

इथे थोडं समजावून सांगायला हवं. धोटा म्हणजे साच्यात आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. त्याच्या पोकळीत कांडी बसते, कांडीवर सूत गुंडाळलेलं. कांडीचा जाड बुंधा धोट्याच्या एका टोकाला पकडीत अडकतो आणि निमुळतं टोक समोरच्या भोकाकडे असतं. सूत निमुळत्या टोकावरून सुटत जातं आणि त्या भोकातून बाहेर येतं. संग्रहालयात मांडलेल्या धोट्यात बुंधा भोकाकडे होता. अशा कांडीचं सूत पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच तुटणार. सुतारानं दार उलटं बसवावं आणि लोकांनी त्याचे फोटो काढावेत, तसं ते चाललं होतं.

तात्यांनी दोरीखालून हात घातला, धोटा उचलला, अंगठ्यानं कांडी उचकटून फिरवली आणि टक्‌ करून बसवली. चार सेकंद लागले असतील. रखवालदार धावत आला. ‘अंकल, टच नहीं करना!’ तात्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी कांडीवरच्या सुताचं टोक काढलं, भोकाच्या आतल्या बाजूला धरलं, धोटा तोंडाशी नेला, भोकावर ओठ टेकले आणि एकदा श्वास आत ओढला. फुस्‌. सूत भोकातून बाहेर आलं आणि त्यांच्या ओठांना चिकटलं. ते त्यांनी दोन बोटांनी काढलं आणि धोटा पुन्हा दोरीच्या आत ठेवला. योग्य बाजूला.

मुलं ‘ईऽऽ’ म्हणाली. सरांनी मात्र खिशातून पेन काढलं.

कांडी किती वेळ पुरायची, असं सरांनी विचारलं. सूत मध्यम असेल तर चार-पाच मिनिटं. साचे किती? आमच्याकडे दोन. पाळी आठ तासांची. सरांनी हिशेब मुलांकडून करून घेतला: ताशी बारा, दोन साच्यांचे चोवीस, आठ तासांचे दोनशेच्या जवळ. एका पाळीत माणूस दोनशे वेळा धोट्याला तोंड लावतो. प्रत्येक श्वासाबरोबर तंतू आणि तेल. आणि तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस तोंडाला लावतो. तात्यांना छातीचा त्रास आहे. पावसाळ्यात त्यांच्या खोलीतून खोकला जिन्यापर्यंत ऐकू येतो. मुलांना हे सगळं मी भाषणातून कितीही सांगितलं असतं तरी त्या ‘फुस्‌’ एवढं पोचलं नसतं.

एव्हाना व्यवस्थापक आले होते. आवाज चढला होता, माझाही. वस्तूंची नोंद असते, विमा असतो, हाताच्या घामानं लोखंड गंजतं. त्यांचं सगळं बरोबर होतं, आणि तरी पंचेचाळीस वर्षांनी कुणीतरी त्यांची कांडी सरळ केली होती, हेही बरोबर होतं. शेवटी संग्रहाचं काम बघणारी एक तरुण मुलगी आली, हातात पांढरे मोजे. तिनं धोटा उचलून बघितला, तात्यांकडे बघितलं आणि विचारलं, ‘आजोबा, हा असाच असतो का?’ भांडण तिथेच संपलं.

भिकाजीकाका

मी इथे थांबले असते तर हे एक छान प्रकरण झालं असतं. जाणता कामगार, अजाण संग्रहालय, मुलांना धडा. मी तेच करायला निघाले होते. शाली बाहेर काढल्या आणि भिकाजीकाकांना हाक मारली. ते पलीकडच्या भिंतीशी काचेच्या पेटीपुढे उभे होते. पेटीत रिंग, म्हणजे सूतकताईच्या, खात्यातल्या चार बॉबिनी आणि एक चाती. सबंध गिरणीतल्या सूतकताईला एवढीच जागा मिळाली होती.

‘तुम्ही पण सांगा ना काका, धोट्याचं,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘मी धोट्याचं काय सांगू? मी रिंगात होतो.’ मग थोड्या वेळानं, काचेकडे बघत म्हणाले, ‘माझा बापही रिंगात. त्याला साचेखात्यात घेतलं नाही. त्याच्या तोंडचा धोटा दुसरा तोंडाला लावणार होता का?’

मुलांना कळलं नाही. मला कळलं, आणि वाचून माहीत असलेली गोष्ट आपण किती दूर ठेवून वाचतो हेही कळलं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना विणाई खात्यात शिरकाव नव्हता. सांगितलं जाणारं कारण नेमकं हेच: सूत तोंडानं ओढावं लागतं, धोटा उष्टा होतो. विणाईत मजुरी कताईपेक्षा बरी होती. म्हणजे बाटण्याच्या भीतीचा अर्थ महिन्याच्या पगारात मोजता येत होता. १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणाईचं खातं सगळ्यांना खुलं करण्याची मागणी लावून धरली. त्याच इंडिया युनायटेडची सहा नंबरची गिरणी म्हणजे दादरची इंदू मिल. तिच्या जागेवर आता बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतं आहे. फेऱ्यांमध्ये मी हे सांगत असते. पण मला ‘गिरणी कामगार’ हा शब्द एकजिनसी वाटत होता, आणि माझ्या यादीत भिकाजीकाकांच्या नावापुढे खातंच नव्हतं.

नाना म्हणाले, ‘आमच्या वेळी तसं काही नव्हतं हो, भिकाजी.’

‘तुमच्या खात्यात आमची किती माणसं होती, नाना?’

नानांनी साच्याकडे बघितलं. ते आठवून मोजत होते की नुसते बघत होते, मला सांगता येणार नाही. तात्या तोंड पुसत होते. बासरी चालूच होती.

सत्कार झाला नाही. भिकाजीकाकांनी शाल घेतली नाही, म्हणून बाकीच्यांनीही घेतली नाही. इंदूमावशींनी गुलाब मात्र चारही घेतले. बसमध्ये कुणी फार बोललं नाही. घाटकोपरला राहायला गेलेली एक जुनी शेजारीण उतरताना सगळ्यांना भेटायला आली होती, तिनं विचारलं, कसं काय झालं? तात्या म्हणाले, ‘कांडी सरळ केली.’ भिकाजीकाका काही म्हणाले नाहीत.

माझी चूक, त्यांची चूक

संग्रहालयाच्या चुका मोजायला सोप्या. उलटी कांडी, हिंदीतून आलेला मराठी फलक, झाकलेलं छत, आणि ज्यांनी ते यंत्र चालवलं त्यांच्यापैकी एकालाही मांडणीच्या वेळी न बोलावणं. चौथी चूक झाली नसती तर पहिल्या तीन झाल्याच नसत्या. वेल्समधल्या ब्लाएनाव्हनला बिग पिट नावाची कोळशाची खाण १९८० मध्ये बंद झाली आणि तीनच वर्षांत, १९८३ मध्ये, संग्रहालय म्हणून उघडली. तिथे पाहुण्यांना दिव्याचं हेल्मेट घालून सुमारे ९० मीटर खाली नेलं जाऊ लागलं आणि नेणारे वाटाडे होते खाणींत राबलेली माणसं. बॅटरीवर चालणारं घड्याळसुद्धा वर काढून ठेवायचं, कारण जमिनीखाली स्फोटाचे नियम खरे असतात. आमच्याकडे गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगार चाळिशीत होते, हात चालत होते. कुणी बोलावलं असतं तर साचा जुळवून, तेल घालून, चालवून दाखवला असता. त्याऐवजी त्यांतले कित्येक जण रखवालदार झाले, गावी गेले किंवा म्हाडाच्या सोडतीच्या अर्जाला जोडायला कामाचा पुरावा शोधत फिरले.

माझी चूक मोजायला जास्त वेळ लागला. शाली आणल्या, म्हणजे मी त्या माणसांना पाहुणे केलं होतं. पाहुणा खुर्चीत बसतो, त्याला बोलायला सांगतात आणि तो चांगलं चांगलं बोलतो. ‘आमच्या वेळी गिरणगाव कसं एका घरासारखं होतं,’ एवढं ऐकून सगळे टाळ्या वाजवून घरी गेले असते. तात्या पाहुण्यासारखे वागले नाहीत म्हणून धोट्याची गोष्ट निघाली, आणि धोट्याची निघाली म्हणून भिकाजीकाकांची. दोन्ही गोष्टी एकाच भोकातून आल्या. माझ्या कार्यक्रमपत्रिकेत दोन्हींना जागा नव्हती.

दुसरी चूक कागदावरची. अर्जात मी विचारत होते: नाव, वय, गिरणी, किती वर्षं. खातं विचारत नव्हते. गिरणीत खात्यावरून माणसाचा पगार कळतो, कान किती गेलेत ते कळतं, गाव कळतं आणि बऱ्याचदा जातही कळते. इंदूमावशी वाइंडिंगला होत्या, कारण बायकांना बहुतेक तेच आणि रीळ करायचं काम दिलं जायचं. हे सगळं एका रकान्यात असतं, आणि मी तो रकानाच छापला नव्हता.

दुसरी फेरी

नोव्हेंबरमध्ये आम्ही पुन्हा गेलो. या वेळी शाली नव्हत्या. मधल्या काळात मी आणि सर भिवंडीला जाऊन एक धोटा आणि डझनभर कांड्या घेऊन आलो होतो. तिथल्या यंत्रमागांवर धोटा अजून रोज धावतो, तेव्हा त्याच्यासाठी संग्रहालयाची दोरी ओलांडायची गरज नाही. संग्रहाचं काम बघणाऱ्या मुलीनं साच्याशेजारी एक साधं टेबल लावून घेतलं. त्यावरच्या वस्तू हातात घ्यायच्या, असं तिनं कागदावर लिहून चिकटवलं. तोंड लावायचं नाही, हे तिनं मुलांना वेगळं बजावलं. त्याऐवजी तिनं भोकातून सूत ओवायला बारीक तारेचा आकडा ठेवला होता. तात्यांनी आकड्याकडे असं बघितलं, जसं स्वयंपाकिणीनं पोळपाटावर फूटपट्टी बघावी.

मूळ साच्यातली कांडी सरळच होती. फलकावर ‘करघा’च्या जागी ‘साचा’ आला होता, बासरी गेली होती. छत तसंच. धोटा आणि जात यांविषयी आठ ओळींचा मजकूर मी लिहून दिला होता, १९२८ च्या संपाच्या संदर्भासह. त्यावर उत्तर आलं आहे की मजकूर वरिष्ठांकडे विचारार्थ पाठवला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी विचारणा करते. तो मजकूर लागेपर्यंत मी तो फेरीत तोंडी सांगते, त्याच साच्यापुढे उभी राहून.

भिकाजीकाका येतील असं मला वाटलं नव्हतं. मी दोनदा त्यांच्या घरी गेले, दोन्ही वेळा चहा देऊन त्यांनी विषय बदलला. आदल्या रात्री त्यांचाच फोन आला: येतो, पण कापूस मी आणणार. खिशात मेडिकलच्या दुकानातला कापसाचा रोल होता. टेबलाशी बसून त्यांनी त्यातली बोटभर पट्टी काढली, दोन्ही हातांच्या बोटांनी सावकाश ताणत नेली, पुंजका पातळ होत होत तंतूंचा झिरमिरीत पडदा झाला, आणि मग अंगठा व तर्जनीत एक पीळ. बोटांतून सूत निघालं, वाकडंतिकडं, पण सूत. मग ते मध्ये तोडलं आणि परत जोडलं. गाठ नाही, तोडलेलं टोक ताज्या तंतूंवर टेकवलं आणि फिरवलं.

‘साचेवाले गाठ मारतात,’ ते मुलांना म्हणाले. ‘रिंगात गाठ चालत नाही. गाठ पडली तर ती पुढे यांच्या फणीत जाऊन अडकणार, आणि शिव्या आम्हाला.’

तात्या म्हणाले, ‘द्यायचो. खूप द्यायचो.’

‘माहीत आहे.’

तात्यांनी कापूस मागून घेतला आणि सूत सांधायला बसले. तीनदा तुटलं. चौथ्यांदा त्यांनी नकळत गाठ मारली आणि सगळी मुलं एकदम हसली, भिकाजीकाकाही. पुढचा अर्धा तास त्या टेबलावर इतकी गर्दी होती की मार्गदर्शकाला त्याचं भाषण म्हणताच आलं नाही. तो शेवटी खुर्ची ओढून मुलांतच बसला.

आता पुढची सहल मार्चमध्ये आहे. अर्ज नवा छापला, त्यात ‘खातं’ हा रकाना आहे. आतापर्यंत अकरा नावं आली: साचेखातं तीन, रिंग चार, वाइंडिंग दोन, सुताला खळ द्यायचं कांजीखातं एक. अकरावा अर्ज डिलाइल रोडच्या एका आजींचा आहे. गिरणीचं नाव लिहायच्या जागी त्यांनी रेघ मारली आहे आणि खात्याच्या रकान्यात लिहिलं आहे: खानावळ. कंसात, बत्तीस माणसं, तिन्ही पाळ्या.